वाडा कुणाचा?

आजकाल संगणकासमोर बसलेला माणूस दोनच कामं करताना दिसतो: ब्राउझर उघडणं, आणि ब्राउझर हळू चालतो म्हणून कुरकुरणं. बँक ब्राउझरमध्ये, टपाल ब्राउझरमध्ये, सातबारा ब्राउझरमध्ये, वीजबिल ब्राउझरमध्ये. ऑफिसची मीटिंग एका टॅबमध्ये आणि ती चालू असताना बघायच्या पैठण्या शेजारच्या टॅबमध्ये. अशा माणसाच्या मनात कधीतरी येणारच, की ब्राउझरच्या खाली ही जी ऑपरेटिंग सिस्टीम नावाची वस्तू आहे, ती नेमकी कशाला ठेवलीय? आणि टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर टाइप करायची ती युनिक्सची जुनी हत्यारं, एलएस, ग्रेप, सॉर्ट, ऑक, ती तर मोडीत घालायला काय हरकत आहे?

या प्रश्नावर जगात दोन पक्ष आहेत आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं जवळजवळ बंद आहे.

ब्राउझरपक्षाचा माणूस टॅबांवरून ओळखावा. त्याच्याकडे इतके टॅब उघडे असतात की नावं मावत नाहीत, नुसती चिन्हं उरतात. त्यातला एक टॅब मध्येच जाहिरात बोलायला लागतो आणि तो कोणता हे शोधण्यात सकाळ जाते. 'नंतर वाचू' म्हणून उघडलेले लेख, 'विचार करू' म्हणून उघडलेला मिक्सर, गेल्या गणपतीत कोकणात जायला बघून ठेवलेली रेल्वे. टॅब बंद करायचा म्हणजे तो बेत सोडल्याचं स्वतःशी मान्य करायचं, आणि एवढा जीव कुणात असतो? त्यापेक्षा नवा संगणक घेतलेला परवडतो.

टर्मिनलपक्षाच्या माणसाचा माउस धूळ खात पडलेला असतो. त्याला साधा प्रश्न विचारला, तर उत्तर येत नाही. "मॅन पेजमध्ये आहे" एवढंच येतं. मॅन पेज म्हणजे युनिक्समध्येच भरून ठेवलेली माहितीपुस्तिका. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, त्याला ती फार स्पष्ट वाटते. आमचा एक मित्र या पक्षाचा कडवा कार्यकर्ता आहे. व्हीआय नावाच्या एडिटरमध्ये शिरून जो सुखरूप बाहेर पडू शकतो, त्यालाच तो साक्षर मानतो.

तर आधी त्याच्या बाजूनं. युनिक्सचा जन्म 1969 चा, न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमधला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही मुख्य नावं. त्या काळी या मंडळींसमोर पडदा नव्हता, टेलिटाइप होता: कागदाच्या गुंडाळीवर खडखडाट करत छापणारं यंत्र. त्यातलं मॉडेल 33 सेकंदाला जेमतेम 10 अक्षरं छापायचं, आणि त्याच्या कळा दाबायला बोटांत जोर लागायचा. त्यामुळे आज्ञा आखूड झाल्या. कॉपीचं सीपी, मूव्हचं एमव्ही, रिमूव्हचं आरएम. सांगितलेलं काम बिनबोभाट झालं तर युनिक्स काही बोलतही नाही. शाबासकी नाही, हिरवी खूण नाही, फुगे नाहीत. पुढे थॉम्पसनला कुणीतरी विचारलं, की युनिक्स पुन्हा करायला मिळालं तर काय बदलाल? तो म्हणाला, 'क्रिएट' नावाच्या एका आज्ञेतलं शेवटचं 'ई' हे अक्षर खाल्लं होतं, ते परत घालीन. पन्नास वर्षं जग ज्यावर चाललं, त्या वस्तूबद्दल कर्त्याला एवढीच रुखरुख.

या हत्यारांची खरी गंमत जोडणीत आहे. एक जण फक्त रांग लावतो, दुसरा फक्त मोजतो, तिसरा फक्त शोधतो. कुणी कुणाच्या कामात तोंड घालत नाही. डग मॅक्इलरॉय या गृहस्थांनी 1964 मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की बागेतल्या नळ्या जशा एकाला एक लावतो तसे प्रोग्राम जोडता आले पाहिजेत. मग ते पुढची नऊ वर्षं हेच सांगत राहिले. शेवटी 1973 मध्ये थॉम्पसननं एका रात्रीत ते करून टाकलं. पाइप आला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जो तो एका ओळीत काय काय जोडता येतं ते एकमेकांना दाखवत होता.

या जोडणीचा सगळ्यात गाजलेला प्रयोग 1986 चा. 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात जॉन बेंटली सदर लिहायचे. त्यांनी डोनाल्ड क्नूथ यांना एक प्रोग्राम लिहायला सांगितला: एखाद्या मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द कोणते ते संख्येसह छापायचं. क्नूथ म्हणजे या शास्त्रातले आचार्य. त्यांनी पानंच्या पानं भरतील असा, स्पष्टीकरणांनी नटलेला, सुबक प्रोग्राम दिला. परीक्षणाला बसले मॅक्इलरॉय. त्यांनी कारागिरीचं मनापासून कौतुक केलं आणि शेजारी सहा ओळींत तेच काम करून दाखवलं: शब्द सुटे करा, मोठी अक्षरं लहान करा, रांग लावा, सारखे मोजा, संख्येनं पुन्हा रांग लावा, वरचे हवे तेवढे ठेवा. आमचा मित्र ही गोष्ट दर दिवाळीला सांगतो, आणि सांगताना सहाव्या ओळीला त्याचा गळा दाटून येतो.

ब्राउझरमध्ये पाइप म्हणजे आपण. एका टॅबमधून उतरवायचं आणि दुसऱ्या टॅबमध्ये चढवायचं, हे काम ज्या यंत्रणेवर सोपवलेलं आहे तिचं नाव खुर्चीत बसलेला माणूस. माझ्या बहिणीनं भाचीचा परीक्षेचा अर्ज भरायला घेतला तेव्हा हे पहिल्यांदा लख्ख दिसलं. फोटो 20 ते 50 केबी, सही 10 ते 20 केबी, सही काळ्या शाईत, पार्श्वभूमी पांढरी. फोनमधला फोटो 4 एमबीचा. मग फोटो लहान करून देणारं एक संकेतस्थळ शोधलं. तिथे 'डाउनलोड' लिहिलेली तीन हिरवी बटणं होती. त्यातल्या पहिल्यानं तिला संगणकाला विषाणू झाल्याचं कळवलं, दुसऱ्यानं कर्ज मंजूर केलं. तिसऱ्याच्या आधी ती स्वतः यंत्र नसल्याचं सिद्ध करण्यासाठी सिग्नलचे खांब निवडायला लागले. एवढ्यानंतर फोटो आला तो 51 केबीचा. पुन्हा केला तर 19. माझी बहीण गणिताची शिक्षिका आहे. 20 आणि 50 च्या मध्ये एकही संख्या नसते हे तिला नव्यानंच कळत होतं. शिवाय पोरीचा फोटो आणि सही आता जगाच्या पाठीवर नेमक्या कुणाच्या यंत्रावर जाऊन बसली होती, हे विचारायचीही सोय नव्हती.

मित्राला बोलावलं. तो बघताच हसला. "इमेजमॅजिक," तो म्हणाला. "1990 पासून फुकट मिळतंय. एक ओळ." आणि खरोखरच एका ओळीचं काम होतं: एवढ्या केबीच्या आत बसव असं हत्याराला सांगितलं की ते बसवतं, तेही घरच्या घरी, फोटो कुठेही न पाठवता. फक्त ती ओळ लिहिण्याआधी त्यानं बहिणीच्या लॅपटॉपवर काय काय नसल्याबद्दल खेद व्यक्त केला, ते सगळं आणून बसवलं, आणि मधल्या वेळात ज्यांनी अशी संकेतस्थळं बनवली त्यांच्या शिक्षणाबद्दल विस्तारानं बोलला. फोटो 47 केबीचा झाला. अर्जाच्या टॅबकडे वळलो तर तिथे लिहिलं होतं, 'आपले सत्र समाप्त झाले आहे.'

दोन्ही पक्षांच्या स्वभावातला फरक प्रश्न विचारण्यातही दिसतो. ब्राउझर सारखा विचारतो. कुकीज चालतील का? सगळ्या की थोड्या? तुम्ही कुठे आहात ते सांगू का? सूचना पाठवू का? पासवर्ड लक्षात ठेवू का? तो पासवर्ड चोरीला गेलेल्या यादीत आहे, माहीत आहे का? घरी नव्यानं आलेल्या जावयासारखं त्याला सतत काहीतरी विचारायचं असतं. युनिक्स मात्र आपल्याला सज्ञान समजतं. 'पुसून टाक' म्हटलं की पुसतं. 1998 मध्ये पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी 2' चं काम चालू असताना कुणीतरी आरएमची आज्ञा नको त्या जागी दिली आणि पडद्यावरच्या बाहुल्या लोकांच्या डोळ्यांदेखत फायलींतून नाहीशा व्हायला लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक गाडीत घालून, जपत जपत स्टुडिओत आणला. ब्राउझरपक्ष इथे छाती काढून सांगतो, की गूगल ड्राइव्हमध्ये पुसलेली फाइल 30 दिवस कचऱ्यात पडून राहते. हे खरं आहे. आमच्याकडच्या कित्येक फायली तर पुसल्या नसतानाही सापडत नाहीत.

आता मूळ प्रश्न, ब्राउझर या सगळ्याची जागा घेईल का. त्यासाठी ब्राउझर ऑपरेटिंग सिस्टीमच्या या वाड्यात आला कसा ते बघायला हवं, कारण माझ्या मते हा सरळसरळ पोटभाडेकरूचा खटला आहे.

1990 च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर लिहिला, तो नेक्स्ट नावाच्या संगणकावर. त्या संगणकाच्या पोटात युनिक्स. म्हणजे ब्राउझरचा पाळणा हललाच मुळी युनिक्सच्या माजघरात. 1993 मध्ये ब्राउझर घरोघर पोचवणारा मोझेइक आला, तोही आधी युनिक्सवर. एक खोली, सामायिक नळ, आवाज न करण्याच्या अटीवर. त्याच्या कर्त्यांपैकी मार्क अँड्रीसन पुढच्या वर्षी नेटस्केपमध्ये गेला आणि भाडेकरूचा सूर लगेच बदलला. विंडोज म्हणजे नीट न तपासलेल्या ड्रायव्हरांचं एक गाठोडं तेवढं उरेल, असं तो म्हणाल्याचं सांगतात. थोडक्यात, वाडा तुमचा असेल, पण राहतो आम्ही.

मग मालकांनी काय करावं? मायक्रोसॉफ्टनं स्वतःचाच भाडेकरू आणून बसवला आणि 1998 मध्ये अमेरिकन सरकार कोर्टात गेलं तेव्हा सांगितलं, की हा भाडेकरू आता भिंतीचाच भाग आहे, काढला तर वाडा पडेल. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी तो काढून दाखवणारा प्रोग्रामच कोर्टापुढे ठेवला. घरमालक भाडेकरूला ठेवून घेण्यासाठी भांडतोय आणि बाहेरचा माणूस त्याला बाहेर काढून दाखवतोय, असा दावा पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टानं सहसा पाहिला नसेल.

यानंतर भाडेकरूनं थेट वाडाच पाडून स्वतःच्या नावाची इमारत उठवायचं ठरवलं. गूगलनं 2009 मध्ये क्रोम ओएस जाहीर केलं, 2011 च्या जूनमध्ये क्रोमबुकं बाजारात आली. संगणक उघडला की ब्राउझर, बंद करेपर्यंत ब्राउझर. ब्राउझरपक्षानं पेढे वाटले. पण पाया खणायला गेलं तर खाली लिनक्स, म्हणजे युनिक्सच्याच वळणाचं, 1991 मध्ये सुरू झालेलं घराणं. आणि मागच्या अंगणात एक लहानसं दार ठेवलेलं होतं: कंट्रोल, ऑल्ट आणि टी या कळा एकदम दाबा, काळा पडदा उघडतो. क्रॉश त्याचं नाव. पुढे 2018 मध्ये गूगलनं आणखी पडतं घेतलं आणि क्रोमबुकवर रीतसर लिनक्स टर्मिनल आणून दिलं, कारण प्रोग्रामर लोक त्यावाचून काम करायला तयार होईनात.

आपल्याकडेही हा प्रयोग झाला, आणि तो तर दोन हजार रुपयांच्या आत. मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमध्ये सगळा फोन म्हणजे वेब पानंच. 2014 च्या ऑगस्टमध्ये इंटेक्सचा असा फोन भारतात 1,999 रुपयांना आला. तो इतका स्वस्त होता, की घेणाऱ्यानं फार काही मागू नये हे आपोआपच ठरलं. 2015 अखेर मोझिलानं फोनचा नाद सोडला. पण त्याच झाडाच्या फांदीतून कायओएस निघालं आणि 2017 मध्ये 1,500 रुपयांच्या अनामतीवर मिळणाऱ्या जिओफोनमध्ये जाऊन बसलं. ज्या काळात जाणकार लोक ब्राउझर ऑपरेटिंग सिस्टीम होऊ शकेल का यावर परिसंवाद घेत होते, त्या काळात बाजारपेठेत भाजी विकणाऱ्या बाई ती ऑपरेटिंग सिस्टीम कनवटीला लावून कीर्तन ऐकत होत्या. त्याही फोनच्या तळाशी लिनक्सच.

एवढं होऊनही भाडेकरूचा सगळा संसार आता मालकाच्या संसाराची नक्कल वाटतो. क्रोमला स्वतःचा टास्क मॅनेजर आहे. शोधायची सोय म्हणजे घरगुती ग्रेप. बुकमार्कांचे फोल्डर म्हणजे डिरेक्टरी, फक्त कुणी आवरत नाही. आणि सर्वांत गोड भाग प्रोग्रामरांसाठीच्या खिडकीत आहे: संकेतस्थळाकडे गेलेली कोणतीही मागणी निवडा, उजवं बटण दाबा, यादीत 'कॉपी ॲज कर्ल' असा पर्याय येतो. कर्ल हे टर्मिनलमधलं हत्यार. म्हणजे ब्राउझर स्वतःच सांगतोय, की हे काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर बाबा, माझ्या नादी लागू नकोस.

उलट दिशेनंही कमी चाललेलं नाही. फाब्रीस बेलार या अचाट माणसानं 2011 मध्ये अख्खं लिनक्स ब्राउझरच्या टॅबमध्ये चालवून दाखवलं. वाड्यात खोली, खोलीत वाडा. इलेक्ट्रॉन नावाच्या सोयीमुळे तर आता व्हीएस कोडसारखे प्रोग्राम येताना आपापला ब्राउझर पोटात घेऊनच येतात. तीन प्रोग्राम उघडले की तीन ब्राउझर, शिवाय तुमचा चौथा. मेमरी कुठे जाते असं विचारू नये.

इथवर वाचून मी टर्मिनलपक्षाचा वाटेन. पण मराठी माणसानं त्या पक्षात जाण्याआधी तिथे मराठी लिहून पाहावं. पुष्कळ टर्मिनलांत प्रत्येक अक्षराला सारख्या मापाची चौकट असते आणि देवनागरीला ती मानवत नाही. जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या शेजाऱ्याच्या घरात जातात, 'क्षत्रिय' लिहिलं तर युद्धानंतरचा दिसतो. 'मराठी' या शब्दात माणसाला तीन अक्षरं दिसतात. मोजणीच्या हत्याराला विचारलं तर ते एका पर्यायानं 5 सांगतं आणि दुसऱ्यानं 15, कारण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. शब्द उलटा करणारं रेव्ह नावाचं हत्यार आहे. त्यात 'मराठी' घातलं तर बाहेर 'ीठारम' येतो, पुढे दुसरी वेलांटी एकटीच, आधाराला टिंबांचं वर्तुळ घेऊन उभी. सॉर्ट साध्या बाइटांच्या क्रमानं लावला तर 'कळ' हा शब्द 'कवच'च्या आधी येतो, कारण युनिकोडच्या रांगेत ळ हा ल च्या मागोमाग बसवलाय. शाळेत ह च्या नंतर ळ म्हणायला शिकलेल्या माणसाची यावर काय प्रतिक्रिया होईल ती होवो. ब्राउझरमध्ये यातलं डोळ्यांना खुपणारं काही नाही. तिथे मराठी सुरेख दिसते, रकार-रफारांसकट. या एका मुद्द्यावर मी ब्राउझरला वाड्याची किल्ली द्यायला तयार आहे.

अर्थात मित्राला हे सांगितलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ब्राउझरला ती अक्षरं पोचतात कशी?" पोचतात यूटीएफ-8 नं, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीनं. आणि यूटीएफ-8 1992 च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर आखलं केन थॉम्पसननं, सहकारी रॉब पाइकच्या सोबतीनं. तोच थॉम्पसन. हा माणूस कुठेही गेलं तरी आधीच येऊन बसलेला असतो.

तेव्हा निकाल असा, की भाडेकरू वाडा घेणार नाही आणि वाडा भाडेकरूला काढणार नाही. दोघंही दर महिन्याला एकमेकांना नोटीस देत राहतील आणि सामायिक नळावर पाणी भरत राहतील. ज्याला माल बघायचाय, विकत घ्यायचाय, कुणाला तरी दाखवायचाय, त्यानं ब्राउझरमध्ये राहावं. ज्याला तेच काम हजार फायलींवर करायचंय, त्यानं काळ्या पडद्यासमोर बसावं. मधल्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही, त्याचा फोटो अजून 51 केबीचा आहे.

एक पात्र मात्र अचानक रंगमंचावर आलंय. 2025 मध्ये एकामागून एक एआय सहाय्यक आले, प्रोग्राम लिहून देणारे, आणि त्यांनी बैठक मारली ती थेट टर्मिनलमध्ये. जगातलं सर्वांत नवं यंत्र, सगळे ब्राउझर हाताशी असताना, खटाखट ग्रेप मारतं, सेड वापरतं, पाइपा जोडतं. त्याला चित्रं नकोत, बटणं नकोत. आखूड आज्ञा आणि साधा मजकूर त्याला भारी मानवतो. टेलिटाइपच्या वेगाला घाबरून केलेली काटकसर त्याच्या फार उपयोगाला आली.

मित्राला याचा आनंद झाला आणि रागही आला. आनंद पक्षाचा विजय झाला म्हणून, आणि राग एकही मॅन पेज न वाचता लोक ऑक वापरायला लागले म्हणून. तरी त्यानं एक सहाय्यक आणलाच. जुन्या फायली आवरायला सांगितल्या. सहाय्यकानं आज्ञा तयार केली, आरएमची, आणि ती चालवण्याआधी थांबून अदबीनं परवानगी मागितली. पर्याय होते: 'हो', 'नको', आणि 'हो, यापुढे विचारू नकोस'.

मित्रानं तिसरा निवडला.